कळ तीच, काम नवे

कीबोर्डवरची कळ दाबली की संगणकाकडे अक्षर जात नाही, एक क्रमांक जातो. यूएसबी कीबोर्डसाठी हे क्रमांक जगभर सारखे ठरलेले आहेत. इंग्रजी ‘ए’ची कळ 4, ‘बी’ची 5, कॅप्स लॉक 57, डावा कंट्रोल 224, डावा ऑल्ट 226. ‘4 क्रमांकाची कळ दाबली गेली’ एवढाच निरोप संगणकाला मिळतो. त्याचा इंग्रजी ‘ए’ करायचा की मराठी ओकाराची मात्रा, हे त्यानंतर संगणकाच्या आत ठरते. कळीच्या टोपीवर छापलेले अक्षर ही माणसाच्या डोळ्यांसाठी केलेली खूण आहे. संगणकाला ती दिसतही नाही.

कळांची कामे बदलता येतात ती यामुळेच. क्रमांक आणि काम यांची सांगड तीन ठिकाणी घातली जाते: कीबोर्डच्या आतल्या चिपमध्ये, विंडोज, मॅक किंवा लिनक्स यांसारख्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, आणि कधी कधी एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये. कळ बदलायला बसलेल्या माणसाचा वेळ वाया जातो तो बहुधा सांगड एका ठिकाणी असते आणि शोध भलत्याच ठिकाणी चालतो म्हणून.

अक्षरांच्या कळा सोडल्या तर उरतात त्या विशेष कळा. शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट, विंडोज, कॅप्स लॉक, एफएन, वरची एफ1 ते एफ12 ची रांग, आवाज कमीजास्त करणाऱ्या कळा. यांची जागा कोणत्याही एका योजनेने ठरलेली नाही. शिफ्टची कळ आली ती 1878 च्या रेमिंग्टन क्रमांक 2 या टाइपरायटरवर. शिफ्ट दाबून ठेवून बोट दुखू नये म्हणून तिला अडकवून ठेवणारी कळ आली आणि तिचाच वंशज म्हणजे कॅप्स लॉक. आयबीएमच्या सुरुवातीच्या पीसीवर ‘ए’च्या डाव्या बाजूला कंट्रोल होता. 1980 च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या 101 कळांच्या कीबोर्डवर ती मोक्याची जागा कॅप्स लॉकला मिळाली आणि कंट्रोल खाली कोपऱ्यात गेला. विंडोजची कळ 1994 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘नॅचरल’ कीबोर्डबरोबर आली. 2024 मध्ये त्याच कंपनीने कोपायलट ही नवी कळ जाहीर केली. या कळीला स्वतःचा क्रमांक नाही. ती दाबली की शिफ्ट, विंडोज आणि एफ23 या तीन कळा एकदम दाबल्याचा निरोप जातो. टेबलावरच्या कीबोर्डवर एफ12 च्या पुढे काही नसले, तरी क्रमांकांच्या तक्त्यात एफ24 पर्यंतच्या जागा राखलेल्या आहेत. रोजच्या कामात त्यांना कोणी हात लावत नाही, म्हणून कळा बदलणाऱ्यांना त्या फार उपयोगी पडतात.

संगणक एका कंपनीचा आणि कीबोर्ड दुसऱ्या कंपनीचा असला की पहिली गडबड होते ती खालच्या रांगेत. साध्या कीबोर्डवर डावीकडून कंट्रोल, विंडोज, ऑल्ट असा क्रम असतो. ॲपलच्या कीबोर्डवर तो कंट्रोल, ऑप्शन, कमांड असा असतो. विंडोज आणि कमांड या दोन्ही कळांचा क्रमांक एकच, 227. ऑल्ट आणि ऑप्शनचाही एकच, 226. त्यामुळे मॅकला साधा कीबोर्ड जोडला की कमांड आणि ऑप्शन यांची अदलाबदल होते आणि कॉपी-पेस्टसाठी सवयीने गेलेला अंगठा चुकीच्या कळीवर पडतो. यावर उपाय मॅकमध्येच आहे. सिस्टिम सेटिंग्जमधल्या कीबोर्ड विभागात शॉर्टकट उघडून मॉडिफायर कळांचे पान काढायचे, वरच्या यादीतून नवा कीबोर्ड निवडायचा आणि ऑप्शन व कमांड यांची कामे एकमेकांना द्यायची. हा बदल निवडलेल्या कीबोर्डपुरता राहतो. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड पहिल्यासारखाच चालतो. विंडोजमध्ये ही सोय सहज मिळत नाही, तिथे बहुतेक साधने जोडलेल्या सगळ्या कीबोर्डांना एकच नियम लावतात.

एफएन कळीची तऱ्हा वेगळी. बहुतेक कीबोर्डांमध्ये तिचा निरोप संगणकापर्यंत पोहोचतच नाही. एफएन आणि एफ3 एकत्र दाबल्यावर काय पाठवायचे हे कीबोर्डच्या आतली चिप ठरवते आणि संगणकाला फक्त निकाल कळतो. विंडोजमधले कोणतेही साधन घेऊन एफएनचा कंट्रोल करायला बसणे म्हणूनच व्यर्थ आहे. आवाजाच्या कळांचे निरोपही बहुधा अक्षरांच्या तक्त्यातले नसतात. त्यांच्यासाठी यूएसबीच्या त्याच मानकात ग्राहक-उपकरणांचा वेगळा तक्ता आहे. काही साधनांना त्या दिसतात, काहींना दिसत नाहीत, याचे कारण हेच.

लिनक्सवर आणखी एक चमत्कारिक प्रकार घडतो. मॅकसाठी सोयीचे व्हावेत म्हणून काही कीबोर्ड, उदाहरणार्थ कीक्रॉनची अनेक मॉडेल, संगणकाला स्वतःची ओळख ॲपलचा कीबोर्ड अशी देतात. लिनक्स मग ॲपलचे नियम लावते. एफ5 दाबले तर पान ताजे होत नाही, कीबोर्डचा दिवा किंवा आवाज बदलतो. कीबोर्ड बिघडला असे समजून तो परत पाठवण्याची गरज नाही. ॲपल कीबोर्डसाठी असलेल्या चालकात ‘एफएन-मोड’ नावाची एक किंमत आहे. ती 2 केली की एफ1 ते एफ12 या कळा आधी एफ म्हणून काम करू लागतात.

विंडोजमध्ये कळ बदलण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि त्यांतला फरक समजून घेण्याजोगा आहे. पहिला मार्ग विंडोजच्या रजिस्ट्रीतून जातो. तिथे ‘स्कॅनकोड मॅप’ नावाची नोंद करता येते. कॅप्स लॉकचा कंट्रोल, उजव्या विंडोजचा ऑल्ट, असे एकास एक बदल ती अगदी खालच्या पातळीवर करते. हाताने ही नोंद लिहिणे किचकट आहे, म्हणून शार्पकीज हे छोटे मोफत साधन ती लिहून देते. संगणक पुन्हा सुरू केला की बदल लागू होतो, मागे कोणताही प्रोग्रॅम चालू ठेवावा लागत नाही, आणि पासवर्डच्या पडद्यावरही कळ बदललेलीच राहते. दुसरा मार्ग मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या मोफत संचातल्या कीबोर्ड मॅनेजरचा. यात एका कळीला दोन-तीन कळांचा शॉर्टकट देता येतो आणि बदल लगेच लागू होतो. पण पॉवरटॉइज चालू असेल तोवरच. पासवर्डच्या पडद्यावर ते चालत नाही, आणि विंडोज-एल किंवा कंट्रोल-ऑल्ट-डिलीट यांना ते हात लावू शकत नाही. एखादीच कळ कायमची बदलायची असेल तर पहिला मार्ग बरा. प्रयोग करायचे असतील तर दुसरा. ज्याला थोडे प्रोग्रॅमिंग जमते त्याच्यासाठी ऑटोहॉटकी आहे. तिच्यात एका ओळीचा नियमही पुरतो आणि शेकडो ओळींचाही लिहिता येतो. मॅकवर हेच काम कॅराबिनर-एलिमेंट्स करते, तेही प्रत्येक कीबोर्डसाठी वेगळे नियम ठेवून.

तिसरा मार्ग कीबोर्डच्या आतला. गेल्या काही वर्षांत बाजारात आलेल्या अनेक यांत्रिक कीबोर्डांमध्ये क्यूएमके नावाचे मुक्त फर्मवेअर असते. व्हाया या साधनातून क्रोम किंवा तत्सम ब्राउझरमध्ये कीबोर्डचे चित्र उघडते, माउसने कळ निवडायची आणि तिला नवे काम द्यायचे. फायरफॉक्समध्ये मात्र हे चालत नाही, कारण ब्राउझरमधून उपकरणाशी बोलण्याची ती सोय त्यात नाही. बदल कीबोर्डच्या स्मृतीत साठतो. तो कीबोर्ड उचलून दुसऱ्या संगणकाला लावला तरी कळा तशाच वागतात. ज्या कार्यालयात संगणकावर नवे सॉफ्टवेअर टाकायला परवानगी नसते, तिथे हा मार्ग फार मोलाचा ठरतो. इथे एफएनसुद्धा बदलता येते, कारण एफएनचा अर्थ ठरवणारी चिपच हाताशी असते. एकाच कळीला दोन कामे देता येतात: चटकन दाबून सोडली तर एक, दाबून धरली तर दुसरे. कळ दाबून धरल्यावर सगळ्या कीबोर्डचा अर्थ बदलणारे ‘थर’ही करता येतात. अवघ्या 61 कळांच्या छोट्या कीबोर्डवर बाणांच्या कळा नसतात. त्या अशाच दुसऱ्या थरात मिळतात. भारतातल्या बँका आणि सरकारी कार्यालयांत दिसणाऱ्या टीव्हीएस गोल्डसारख्या दणकट कीबोर्डांत ही सोय नसते, त्यांच्या बाबतीत बदल संगणकातच करावा लागतो.

मराठी लिहिणाऱ्यासाठी या सगळ्या प्रकाराला वेगळेच महत्त्व आहे. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी नसते. करंगळीच्या अगदी शेजारची, आकाराने ऐसपैस, सहज सापडणारी कॅप्स लॉकची कळ मराठी मजकुरात काहीच काम करत नाही. दुसरीकडे, मराठी लिहिणाऱ्या माणसाला इंग्रजीत दिवसातून शेकडो वेळा ये-जा करावी लागते: ईमेलचा पत्ता, फाइलचे नाव, पासवर्ड, एखादे इंग्रजी नाव. विंडोजमध्ये यासाठी विंडोज आणि स्पेस या दोन कळा एकत्र दाबाव्या लागतात. हे काम कॅप्स लॉकला देणे हा मराठी माणसाने करावा असा पहिला बदल आहे, आणि बाकी काही केले नाही तरी एवढा अवश्य करावा. पॉवरटॉइजमध्ये कॅप्स लॉकला विंडोज-स्पेस हा शॉर्टकट देता येतो. लिनक्समध्ये भाषा बदलण्याची कळ म्हणून कॅप्स लॉक निवडण्याचा पर्याय आधीपासून आहे. मॅकमध्ये तर कॅप्स लॉकने इंग्रजीत जाण्या-येण्याची सोय सेटिंग्जमध्येच आहे. तिथे कळ दाबून धरली तर ती जुने कामही करते.

मराठी अक्षरांची मांडणी कशी ठरली हेही इथे पाहायला हवे. टाइपरायटरच्या काळापासून चालत आलेली रेमिंग्टन मांडणी आजही टंकलेखन संस्थांतून शिकलेल्या अनेकांच्या बोटांत आहे. तिच्यात अक्षरे लिहिली जातात ती कागदावर दिसतात त्या क्रमाने, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी. इन्स्क्रिप्ट ही मांडणी संगणकासाठी घडवली गेली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये तिचे मानक केले आणि 1991 च्या आयएस 13194 या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानातून ती देशभर पोहोचवली. तिच्यात डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. ‘के’वर क, शिफ्टसह ख. ‘एल’वर त, शिफ्टसह थ. अल्पप्राण साधा, महाप्राण शिफ्टवर, ही वर्णमालेचीच शिस्त बोटांना शिकवली जाते.

या मांडणीचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती भारतीय लिप्यांना सामाईक आहे. चंदीगडच्या सेक्टर 43 मध्ये जिल्हा न्यायालयांचे संकुल आहे. तिथल्या कामासाठी गुरुमुखीत इन्स्क्रिप्टने अर्ज टंकणारा माणूस क साठी जी कळ दाबेल, तीच कळ पुण्यातला मराठी टंकलेखक दाबतो. लिपी वेगळी, कळेचा क्रमांक एकच. मराठी माणसाची चंदीगडला बदली झाली आणि त्याने गुरुमुखी शिकायला घेतली, तर बोटांना नव्याने काही शिकावे लागत नाही. कळा बदलताना हे लक्षात ठेवावे: इन्स्क्रिप्टची मुख्य व्यंजने आणि मात्रा हलवू नयेत. जे हलवायचे ते कडेचे.

कडेला मोकळी जागा पुष्कळ आहे. इन्स्क्रिप्टच्या देवनागरी तक्त्यात दक्षिणेकडच्या भाषा देवनागरीत लिहिता याव्यात म्हणून ह्रस्व ए आणि ह्रस्व ओ यांची चिन्हे दिली आहेत. तसेच शिफ्ट-व्हीवर नुक्ता असलेला न आणि शिफ्ट-बीवर नुक्ता असलेला ळ आहे. मराठी मजकुरात ही अक्षरे लागत नाहीत. दुसऱ्या बाजूला, मराठीला पदोपदी लागणारी काही अक्षरे मात्र फेऱ्याने येतात. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, ‘कर्मचाऱ्यांच्या’ यांतला ऱ्य लिहायला शिफ्टसह ‘जे’, मग हलन्तासाठी ‘डी’, मग य ची कळ, असा प्रवास करावा लागतो. शिफ्ट विसरली तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि तोही खरा शब्द असल्याने शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही. सरकारी पत्रव्यवहारात तर ऱ्य नसलेले पान विरळा. ह्रस्व एकाराची ‘झेड’ कळ घेऊन तिच्यावर अख्खा ऱ्य बसवला तर रोजचे शेकडो फटके वाचतात.

ॲ या अक्षराची कथाही अशीच. मूळ इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-1 वर ऍ आहे, म्हणजे ए वर चंद्र. मराठीत लिहिला जातो तो अ वर चंद्र असलेला ॲ. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली 2008 मध्ये, 5.1 या आवृत्तीत. महाराष्ट्र शासनाने 2009 च्या निर्णयात ॲ आणि ऑ यांना मराठी वर्णमालेत स्थान दिले. पण जुन्या मांडण्यांवर बोटे अजून ऍ कडेच जातात. परिणामी एकाच लेखात ‘ऍप’ आणि ‘ॲप’ दोन्ही दिसतात, आणि शोधताना संगणक त्यांना दोन वेगळे शब्द समजतो. शिफ्ट-1 वर ॲ बसवणे हा लहानसा बदल आहे, आणि मराठी मजकूर शोधता येण्याच्या दृष्टीने तो मोठ्या उपयोगाचा आहे.

अक्षरांचे असे बदल पॉवरटॉइज किंवा शार्पकीजचे काम नव्हे. ती साधने कळेऐवजी कळ देतात. कळेवर नवे अक्षर बसवायचे तर नवी मांडणीच तयार करावी लागते. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचे कीबोर्ड लेआउट क्रिएटर हे जुने पण अजून कामाचे साधन आहे. तयार मराठी मांडणी त्यात उघडायची, हव्या त्या कळा बदलायच्या आणि नव्या नावाने साठवायची. एका कळेला ते चार एककांपर्यंतची जोडाक्षरे देऊ देते. ऱ, हलन्त आणि य ही तीनच, त्यामुळे ऱ्य त्यात सहज बसतो. मॅकसाठी असेच युकेलेले आहे. लिनक्सच्या मूळ कीबोर्ड व्यवस्थेत मात्र एका कळेतून एकच अक्षरचिन्ह निघते. जोडाक्षर एका फटक्यात हवे असेल तर आयबससारख्या इनपुट पद्धतीचा आधार घ्यावा लागतो. उच्चारानुसार रोमन लिपीतून मराठी लिहिणाऱ्यांना विंडोज 10 मध्ये 2019 पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड अंगभूत मिळतो, आणि त्यांच्यासाठी यातल्या अक्षरांच्या खटपटी अनावश्यक आहेत. कॅप्स लॉकचा बदल त्यांनाही तितकाच लागू.

रुपयाच्या चिन्हाचे उदाहरण सगळा विषय एका कळेत दाखवते. आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदयकुमार यांनी रेखाटलेले हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने 15 जुलै 2010 रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आले. अनेक कीबोर्डांवर 4 च्या कळेवर ते छापलेले असते. तरीही दाबल्यावर पुष्कळदा उमटत नाही. कारण संगणकात ‘इंग्रजी (अमेरिका)’ ही मांडणी निवडलेली असते. ‘इंग्रजी (भारत)’ निवडली की उजवा ऑल्ट आणि 4 दाबल्यावर ₹ येतो. आणि तो उजवाच ऑल्ट हवा. शिफ्टखालोखाल तिसऱ्या अक्षरसंचाकडे नेणारी कळ म्हणून त्या मांडणीत त्याला खास काम दिलेले आहे, डाव्याला नाही. छोट्या आकाराच्या काही कीबोर्डांवर उजव्या ऑल्टच्या जागी एफएन असते, तिथे ₹ मिळण्याची ही वाट बंद होते. असा कीबोर्ड घेताना खालची रांग पाहून घ्यावी. उजव्या ऑल्टला दुसरे काम देण्याआधीही हा विचार करावा.

फर्मवेअरमध्ये बदल करणाऱ्या मराठी वापरकर्त्याला एक सापळा नक्की भेटतो. कीबोर्डच्या चिपला भाषा ठाऊक नसते. एका कळेवर आपला ईमेल पत्ता भरून ठेवला, तर चिप प्रत्यक्षात क्रमांकांची मालिका पाठवते. त्या वेळी संगणक मराठीत असेल तर ‘ए’चा ओकार होतो, ‘के’चा क होतो आणि पत्त्याऐवजी अर्थहीन मात्रांची रांग उमटते. ठरावीक मजकूर टंकणाऱ्या कळा म्हणूनच चिपमध्ये ठेवू नयेत. चिपमध्ये त्या कळेला एफ13 किंवा एफ14 चा क्रमांक द्यावा, आणि त्या क्रमांकावर कोणता मजकूर टंकायचा ते संगणकात ऑटोहॉटकीने ठरवावे. ती थेट युनिकोड अक्षरे पाठवू शकते. भाषा कोणतीही निवडलेली असो, मजकूर बरोबर येतो.

टंकलेखन परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद संगणक टंकलेखनाची जीसीसी-टीबीसी परीक्षा घेते, आणि सरकारी लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला 30 किंवा इंग्रजीत 40 शब्दांची गती लागते. परीक्षा केंद्रावरच्या संगणकात कोणाचीही घरची मांडणी नसते. ऱ्य एका फटक्यात लिहायची सवय लागलेले बोट तिथे अडखळते, आणि गतीची परीक्षा सेकंदांवर ठरते. परीक्षा होईपर्यंत मूळ मांडणीवरच सराव करावा. नोकरी लागल्यावर बदल करायला आयुष्य पडले आहे.

बदल करण्यापूर्वी मूळ स्थिती नोंदवून ठेवणे सगळ्यांनाच आवश्यक आहे. व्हायामध्ये सध्याची मांडणी फाइल म्हणून साठवता येते, शार्पकीजमध्ये प्रत्येक बदल यादीतून काढता येतो. स्कॅनकोड मॅपमध्ये चुकून महत्त्वाची अक्षरकळ बदलली तर पासवर्डही टाकता येत नाही, कारण बदल त्या पडद्यावरही लागू असतो. अशा वेळी लॉग-इनच्या पडद्यावरचा दृश्य कीबोर्ड माउसने वापरून आत जाता येते. क्यूएमकेच्या कीबोर्डचे फर्मवेअर बिघडले तर बहुतेक कीबोर्डांवर एस्केप दाबून धरून केबल जोडल्यास किंवा खालच्या बाजूचे छोटे बटण दाबल्यास ते नव्याने भरण्याच्या स्थितीत जाते. आणि एकाच वेळी दोन ठिकाणी बदल करू नये. कीबोर्डच्या चिपमध्ये कॅप्स लॉकचा कंट्रोल केलेला आहे आणि विंडोजमध्ये कंट्रोलचा कॅप्स लॉक, अशी स्थिती झाली की कळ दाबल्यावर जुनेच काम होते, आणि बदल झालाच नाही असे वाटून माणूस तिसऱ्या ठिकाणी शोधायला लागतो.